चाकाचे माप आधी, झगमगाट नंतर

मोटारीची चाके विकण्याचा धंदा गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या, पुण्याची नाना पेठ घ्या, किंवा जिल्ह्याच्या गावातले टायरचे साधे दुकान घ्या. दर्शनी भिंतीवर चकाकणाऱ्या अलॉय चाकांची रांग टांगलेली दिसतेच. त्यांना आपले जुने लोक अजूनही मॅगव्हील म्हणतात. दुकानाचे मालक, चाक चढवणारे फिटर, बेंड काढणारे, लेथवर काम करणारे आणि पंक्चरवाले मिळून या धंद्यावर आपल्या समाजातील बऱ्याच घरांची चूल पेटते. म्हणून या धंद्याबद्दल थोडे कडवट वाटेल असे बोलणे भाग आहे.

आपण चाके दाखवून विकतो, मापून विकत नाही. गिऱ्हाईक येतो, भिंतीकडे बोट करतो, "हे बसेल का?" असे विचारतो. दुकानदार चार भोके मोजतो आणि "बसेल" म्हणून मोकळा होतो. बसणे आणि जमणे यांत फरक आहे. भोकांत स्टड गेले म्हणजे चाक बसले खरे, पण ते त्या गाडीला जमले की नाही हे आणखी चार-पाच आकड्यांवर ठरते. ते आकडे विचारायला पाच मिनिटे लागतात. न विचारल्यास बेरिंग जाते, टायर घासतो, कधी नट सैल होऊन चाक गळून पडते. तेव्हा गिऱ्हाइकाचा जीव जातो आणि दुकानदाराची दहा वर्षांची पत जाते.

हे नीट समजावे म्हणून एका जुन्या स्पोर्ट्स कारचे उदाहरण घेऊ. स्पोर्ट्स कारच का, असे कोणी विचारील. साध्या गाडीत चुकीचे चाक महिनोन् महिने लपून राहते. हलकी, जुनी स्पोर्ट्स कार मात्र पहिल्या दहा किलोमीटरांत तक्रार करते. जो फिटर हिच्या चाकांचा हिशेब शिकला, तो कोणत्याही गाडीच्या चाकाचा हिशेब करू शकतो.

उदाहरणाची गाडी

गाडी आहे माझदा कंपनीची एमएक्स-५, तिची पहिली पिढी. १९८९ साली ती शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९९७ पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. दोन माणसांची, उघड्या टपाची, पुढचे दिवे बटण दाबल्यावर वर येणारी ही गाडी. इंजिन आधी १.६ लिटरचे, पुढे १.८ चे, ताकद मागच्या चाकांना. वजन अवघे साडेनऊशे किलोंच्या आसपास. पहिल्या पिढीच्याच चार लाखांवर गाड्या निघाल्या, आणि २००० साली जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

भारतात ही गाडी कंपनीने विकली नाही. पण इंग्लंड, अमेरिका, जपान आणि आखात इथे ती आजही शौकिनांकडे आहे. दुबई-शारजाच्या गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांच्या हाताखाली ती कधीतरी येऊ शकते. शिवाय तिच्या चाकांचा आपल्या रोजच्या गाड्यांशी एक संबंध आहे, तो पुढे येईलच.

कंपनीने या गाडीला दिलेले चाक १४ इंच व्यासाचे, साडेपाच इंच रुंद. टायर १८५/६० आर १४. आज हे चाक जुने झाले, त्यावर चांगले टायर मिळणे कठीण होत चालले आहे आणि मालकाला शौकही आहे. म्हणून तो बाहेरचे चाक घ्यायला येतो. आता त्याला काय विचारायचे?

पहिली तीन मापे : भोके, मध्य आणि नट

पहिले माप म्हणजे पीसीडी. ज्या वर्तुळावर नटांची भोके पाडलेली असतात त्या वर्तुळाचा व्यास. या माझदाला चार भोके, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. म्हणजे ४ × १००. इथेच पहिली फसगत होते. फियाटच्या बऱ्याच गाड्यांना ४ × ९८ आहे. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. स्टड थोडे रेटले की चाक चढते, नटही आवळले जातात. पण प्रत्येक नट तिरका बसतो, स्टडवर सतत वाकवणारा ताण राहतो, आणि असा स्टड एक दिवस तुटतो. चार भोके दिसली म्हणजे माप जुळले असे नव्हे. व्हर्नियर काढा, मोजा.

दुसरे माप म्हणजे मधले भोक. गाडीच्या हबचा जो गोल उंचवटा चाकाच्या मध्यात शिरतो, त्यावर चाक केंद्रात धरले जाते. माझदाच्या या हबचे माप ५४.१ मिलिमीटर. बाहेरचे चाक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठ्या भोकाचे केलेले असते. मधली मोकळी जागा भरण्यासाठी प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग मिळते. ती चार-दोन पैशांची वस्तू म्हणून कित्येक दुकानांत टाकून दिली जाते. रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर केंद्रात राहते; किंचित सरकले तरी ठराविक वेगावर स्टिअरिंग थरथरते. मग मालक बॅलन्सिंगवाल्याकडे चकरा मारतो, आणि दोष वजनाच्या शिशाला दिला जातो.

आता तो आपल्या रोजच्या गाड्यांशी असलेला संबंध. मारुती स्विफ्ट आणि ह्युंदाई आय-२० या आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचेही माप ४ × १०० आणि मधले भोक ५४.१ आहे. म्हणजे कागदावर यांचे चाक या माझदावर चढते. होंडाच्या छोट्या गाड्यांचे पीसीडी तेच, पण मधले भोक ५६.१, तिथे रिंग लागणार. इथवर खूश होऊन फिटर सगळी चाके एका रांगेत लावतो, आणि तिसऱ्या मापाला चुकतो.

तिसरे माप नटाचे. माझदाचा स्टड १२ मिलिमीटरचा, आटा १.५ चा. होंडा, टोयोटा, ह्युंदाईचाही तोच. सुझुकीचा, म्हणजे आपल्या मारुतीचा, स्टड १२ चाच पण आटा १.२५ चा. मारुतीचा नट माझदाच्या स्टडवर एखाद-दुसरा वेढा हाताने जातो आणि अडतो. अशा वेळी हवेची गन लावली की नट आत जातो खरा, पण आटा मारून जातो. आवळल्यासारखे वाटते, धरलेले काही नसते. म्हणून प्रत्येक नट पहिले चार-पाच वेढे हाताने फिरला पाहिजे, हा नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

नटाची बैठकही पाहावी. बाहेरच्या चाकांना बहुधा शंकूच्या आकाराची बैठक असते. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोल, चेंडूसारखी. गोल नट शंकूत बसवला तर तो कडेच्या एका रेषेवर टेकतो. आज घट्ट, परवा सैल.

चौथे माप : ऑफसेट

भोके, मध्य आणि नट हे तिन्ही जुळले तरी चाक अजून नापास होऊ शकते. सगळ्यांत कमी समजून घेतलेले माप म्हणजे ऑफसेट. चाकाच्या मागे ‘ईटी’ असे अक्षर आणि पुढे आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा मोठा तर चाक गाडीच्या आत जाते, लहान तर बाहेर येते.

माझदाच्या मूळ चाकाचा ऑफसेट ४५. हिशेब करून पाहू. चाक साडेपाच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटर रुंद. निम्मे ७० धरू. त्यात ४५ मिळवले तर हबपासून आतल्या बाजूला ११५ मिलिमीटर जातात. ७० मधून ४५ वजा केले तर बाहेरच्या बाजूला २५ उरतात. आत स्प्रिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे दांडे आहेत. बाहेर मडगार्डची कड आहे. चाकाला या दोघांमध्ये राहायचे आहे.

आता कंपनीने स्वतः काय केले ते पाहा. दुसऱ्या पिढीच्या गाडीला, १९९८ पासून, १५ इंचाचे, सहा इंच रुंदीचे चाक मिळू लागले. त्याचा ऑफसेट ४०. निम्मी रुंदी ७६. आत ११६, बाहेर ३६. म्हणजे आतल्या बाजूला अवघा एक मिलिमीटर वाढला, बाकी सगळी वाढ बाहेर. चाक रुंद करायचे तर आतली जागा राखून बाहेर कसे जायचे, याचा हा नमुना.

बाजारातले चाक घेऊ : १५ इंच, रुंदी सात, ऑफसेट ४५. निम्मी रुंदी ८९. आत १३४ होतात, म्हणजे मूळच्यापेक्षा १९ मिलिमीटर आत. आत तेवढी जागा आहे का, हे मोजल्याशिवाय कोण सांगणार? तेच चाक ऑफसेट ३० चे घेतले तर आत ११९, बाहेर ५९. आतली काळजी मिटली. पण चाक ३४ मिलिमीटर बाहेर आले. आता मडगार्डची कड पाहावी लागेल, आणि बेरिंगवरचा तरफेचा जोर वाढला हे ध्यानात घ्यावे लागेल. स्टिअरिंगही खड्ड्यात हाताला हिसका देऊ लागते.

यात बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही. जो दुकानदार उधारीची वही लिहितो, त्याला हा हिशेब सहज जमेल. जुन्या चाकाचे दोन आकडे, नव्या चाकाचे दोन आकडे, आणि किती आत, किती बाहेर याचे उत्तर. त्यानंतरही एक चाक चढवून गाडी जॅकवरून उतरवावी, दोन माणसे बसवावीत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, आणि मगच बाकीची तीन चाके खोक्यातून काढावीत.

टायरचा हिशेब

टायरवरचा १८५/६० आर १४ हा आकडा सर्वांना पाठ असतो, पण तो वाचता किती जणांना येतो? १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पूर्ण टायरचा व्यास काढायचा तर भिंत दोनदा धरायची, २२२; आणि १४ इंचांचे ३५५.६. बेरीज ५७७.६ मिलिमीटर. नवा टायर या आकड्याच्या जवळ राहिला पाहिजे. व्यवसायात तीन टक्के ही वरची-खालची मर्यादा धरतात. जुन्या स्पोर्ट्स कारला मी दीड टक्काच धरीन.

आता टायर तपासू. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६, फरक पाव-अर्धा टक्का, म्हणजे नसल्यासारखाच. २०५/५० आर १५ चा ५८६, दीड टक्का मोठा; चालेल, पण मडगार्ड पाहून. २०५/४५ आर १६ चा ५९१, सव्वादोन टक्क्यांच्या वर. २०५/४० आर १७ चा ५९६, तीन टक्क्यांच्या पलीकडे.

एक नेहमीचा घोळ इथे सांगितला पाहिजे. मालकाचे रिम १४ चेच आहे, १८५/६० मिळत नाही, म्हणून दुकानदार १८५/६५ काढून देतो. "एकच आहे, पाचाचा फरक" असे सांगतो. हा पाच टक्के रुंदीचा असतो, आणि भिंतीत दोनदा येतो. व्यास ५९६ होतो, म्हणजे १७ इंची चाकाइतकाच मोठा. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०३ ने पळत असेल, आणि पिकअप मंद वाटेल. मालक इंजिनात दोष शोधत बसेल.

रिमची रुंदीही टायरला मानवली पाहिजे. १८५/६० आर १४ टायर पाच ते साडेसहा इंचांच्या रिमवर चालतो. १९५/५० आर १५ साडेपाच ते सातवर. २०५/५० आर १५ साडेपाच ते साडेसातवर. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची जी फॅशन निघाली आहे तिला आपल्या रस्त्यांवर जागा नाही. खड्ड्यात टायरची कड रिम सोडते.

मापानंतरचा आकडा आणि अक्षर वजनाचे व वेगाचे असते. ८२ एच म्हणजे एका टायरवर ४७५ किलो आणि ताशी २१० किलोमीटर. चार टायरांचे १९०० किलो. गाडी त्याच्या निम्मी. म्हणून या माझदाला वजनाची चिंता नाही, उलट जास्त वजनाचा कडक टायर दिला तर ती उड्या मारते. हाच प्रश्न माणसे आणि सामान भरून धावणाऱ्या टॅक्सीला विचारा, आणि उत्तर नेमके उलटे येईल. तिथे वजनाचा आकडा आधी पाहावा, भाव मागाहून.

किती मोठे चाक पुरे?

आता माझे मत. या गाडीला पंधरा इंचांवर थांबावे. रुंदी सहा ते सात, टायर १९५/५०. चारही चाकांना एकच माप. मागे रुंद टायर लावण्याची हौस इथे नको, कारण या गाडीचे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे वाटलेले आहे. मागची पकड वाढवली की वळणावर पुढचे टोक सरळ जाऊ पाहते, आणि ज्या वळणासाठी ही गाडी लोकांनी घेतली तेच वळण बिघडते.

सतराचे चाक का नको? पहिले कारण वजन. या माझदाच्या कंपनीच्या १४ इंची अलॉय चाकाचे वजन सुमारे साडेपाच किलो आहे. स्वस्तातले ओतीव १७ इंची चाक नऊ-दहा किलोपर्यंत जाते. हे वजन स्प्रिंगच्या खाली आहे. प्रत्येक खड्ड्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बरने ते आवरायचे आहे, प्रत्येक ब्रेकला ते थांबवायचे आहे. चाळीस-पन्नास घोड्यांची ताकद जास्त असलेल्या गाडीला ते कळणार नाही. या हलक्या गाडीला कळते.

दुसरे कारण टायरची भिंत. मूळची १११ मिलिमीटर, पंधरा इंचीला साडेसत्त्याण्णव, सतराला ८२. खड्ड्याचा मार आधी ही भिंत खाते, मग रिम खाते. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हे वेगळे सांगायला नको. बेंड काढणाऱ्यांची दुकाने का भरलेली असतात, याचे निम्मे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

मग चौदालाच का राहू नये? राहावे, मिळत असेल तर जरूर राहावे. चांगल्या स्थितीतले कंपनीचे चौदा इंची चाक हे आजही या गाडीचे सर्वांत हलके आणि मऊ चालणारे चाक आहे. अडचण इतकीच की चांगल्या पकडीचे टायर आता चौदात कमी आणि पंधरात भरपूर येतात. पंधरा घेण्याचे खरे कारण टायर आहे. शोभा त्यासोबत आपोआप येते.

हवा, वय आणि पाना

माप जुळल्यावरही तीन गोष्टी उरतात. पहिली हवा. या माझदाला कंपनीने सांगितलेली हवा २६ पौंड आहे. आपल्याकडे हवा भरणारा न विचारता ३२-३५ भरतो. हलक्या गाडीला तेवढी हवा भरली की टायर मधल्या पट्टीवर चालतो, मधूनच झिजतो, पकड कमी होते. कोणत्याही गाडीची हवा दाराच्या चौकटीवर छापलेली असते. ती वाचून भरणे हा फिटरचा धर्म समजावा.

दुसरी गोष्ट टायरचे वय. जुनी स्पोर्ट्स कार रविवारची गाडी असते. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर लाकडासारखे झालेले. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे पाहावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे. तो कितीही नवा दिसला तरी भंगारात. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी रजा, हा सर्वसाधारण नियम. गोदामात पडून राहिलेला टायर ‘कोरा’ म्हणून विकणाऱ्यांनी हे आकडे गिऱ्हाइकालाही वाचता येतात हे विसरू नये.

तिसरी गोष्ट पाना. या गाडीचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे असतात. पायाने पान्यावर उभे राहून आवळले तर स्टड ताणला जातो, आणि हवेच्या गनने आवळले तर कोणालाच काही कळत नाही. टॉर्क पाना एकदाच घ्यावा लागतो. नवे अलॉय चाक चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी गिऱ्हाइकाला परत बोलावून नट पुन्हा तपासावेत. हे काम फुकट करावे. त्यातून जे नाव मिळते ते जाहिरातीने मिळत नाही.

कारागिराने "नाही" म्हणावे अशी कामे

आता कारागीर बंधूंशी दोन शब्द. दुकानदार पुढे उभा असतो, पण हात तुमचा असतो. काही कामे अशी आहेत की ती आणणाऱ्याला परत पाठवावे.

चाकाला नवी भोके पाडून पीसीडी बदलणे. जुन्या आणि नव्या भोकांमधला धातू इतका पातळ राहतो की नट ज्याला धरतो तेच फाटू शकते. ड्रिल सरळ गेले, भोके देखणी झाली, तरी हे काम वाईटच.

चाक बाहेर काढण्यासाठी जाड वॉशरसारखा स्पेसर घालणे. स्पेसर जितका जाड, तितके नटाचे वेढे कमी. बारीक आट्यावर चार वेढ्यांवर लटकलेले चाक कोणत्याही वेगाला सुरक्षित नाही. ज्याला चाक बाहेर हवे त्याने योग्य ऑफसेटचे चाक घ्यावे.

चिरलेले चाक वेल्डिंग करून देणे, आणि वाकलेले चाक गॅसने लाल करून सरळ करणे. चांगले अलॉय चाक कारखान्यात ठराविक उष्णता देऊन कडक केलेले असते. ज्योत लागली की त्या जागेचा कडकपणा निघून जातो. वरून रंग मारला की कोणाला दिसत नाही. पुढच्या खड्ड्यात मात्र तीच जागा आधी मोडते. रिमच्या कडेचा किरकोळ बेंड यंत्रावर दाबून काढणे वेगळे. आरे किंवा मधला भाग चिरला असेल तर ते चाक भंगाराच्या काट्यावरच जावे.

खुणा आणि कायदा

चाक घेताना पाठ वाचावी, तोंड नव्हे. पाठीवर रुंदी, व्यास, ऑफसेट, पीसीडी आणि बहुधा वजनाची मर्यादा कोरलेली असते. जपानी चाकावर जेडब्ल्यूएल ही खूण असते. व्हीआयए ही खूण असेल तर त्याची बाहेरच्या संस्थेकडे नोंद झालेली असते. जर्मनीत तर प्रत्येक बाहेरच्या चाकासोबत ते कोणत्या गाडीला, कोणत्या टायरसह चालेल याचा मंजुरीचा कागद लागतो. कागद नाही तर चाक नाही. आपल्याकडे मोटारीच्या टायरांसाठी २००९ साली गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि आयएसआय चिन्ह आले. चाकांच्या रिमसाठी असा आदेश २०२० मध्ये निघाला, आणि त्याचे मानक आयएस १६१९२ हे आहे. नावाचा किंवा खुणेचा एकही शब्द पाठीवर नसलेले चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घाऊक बाजारातून आणू नये. ‘रेप्लिका’ म्हणजे नक्षीची नक्कल; मजबुतीची नक्कल त्यात असेलच असे नाही.

कायद्याकडेही लक्ष असू द्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ निर्मात्याच्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करण्याला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके पोलिसाला लांबून दिसतात. अपघात झाला तर विम्याचा सर्वेअरही चाकांकडे पाहतो. तेव्हा गिऱ्हाईक दुकानाचे बिल शोधत येतो.

"मी नाही दिले तर शेजारचा देईल"

हा युक्तिवाद प्रत्येक दुकानात ऐकू येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. भाडे द्यायचे आहे, मुलांचा पगार द्यायचा आहे, आणि समोरचा माणूस सतरा इंचच मागतो आहे. त्याला चार आकडे सांगायला गेलो तर तो उठून जाईल.

काही जण जातील, हे मान्य. पण शौकीन गिऱ्हाईक मूर्ख नसतो. त्याने गाडीवर पैसा लावलेला असतो, आणि आपल्या गाडीबद्दल कोणी समजून बोलले तर त्याला तेच हवे असते. त्याला "नको" म्हणू नका. कागद घ्या, त्याच्या जुन्या चाकाचे आणि नव्या चाकाचे आकडे शेजारी शेजारी मांडा, किती आत, किती बाहेर, किती टक्के मोठे ते दाखवा. मग निर्णय त्याच्यावर सोडा. बहुतेक जण पंधरावर येतात. जो येत नाही, आणि ज्याचे माप धोक्याचे आहे, त्याला जाऊ द्यावे. त्याचे चाक शेजाऱ्याच्या दुकानातून घासत बाहेर पडेल, तुमच्या नव्हे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक बिलासोबत मापाची चिठ्ठी द्या. तिच्यावर सात ओळी पुरेत : पीसीडी, मधले भोक व रिंग दिली की नाही, नटाचा आटा व बैठक, रुंदी व ऑफसेट, टायरचे माप व मूळ व्यासापासूनचा फरक, टायरच्या निर्मितीचा आठवडा, आणि नट किती आवळले तो आकडा. खाली चढवणाऱ्याची सही. छापायला काही पैसे लागतात, भरायला पाच मिनिटे. एका बाजारातील दहा दुकानदारांनी ठरवले तर तो त्या बाजाराचा रिवाज होईल, आणि चिठ्ठी न देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला आपोआप खटकू लागेल.

या चिठ्ठीचा सर्वांत मोठा फायदा गिऱ्हाइकालाही नाही, दुकानात काम करणाऱ्या पोराला आहे. आज तो चाके उचलतो, नट आवळतो आणि वर्षानुवर्षे तेवढेच करतो. रोज सात ओळी भरू लागला तर दोन वर्षांत तो कोणत्याही गाडीचे माप तोंडपाठ सांगेल. असा माणूस मुंबईत, पुण्यात किंवा शारजात कुठेही गेला तरी मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून उभा राहील. भिंतीवरचा झगमगाट दर दोन वर्षांनी बदलतो. शिकलेले माप मात्र जन्मभर पुरते, आणि धंद्याची बरकत त्यातच आहे.